खालाच्या उशाचे कफन

ती घटना आजही मनात आली की सोलायला घेतलेले संत्रे मी खाली ठेवतो. नोकरीत मी खून पाहिले, खाडीतून फुगलेली प्रेते वर काढून घेतली आणि त्याच दिवशी घरी येऊन पोटभर जेवलोही. पण अंगावर काटा कशाने आला असे विचाराल, तर ते मदिन्यातले प्रकरण. त्यात मारामारी नव्हती, रक्त नव्हते. एक म्हातारी होती आणि तिच्या उशाशी तिचे स्वतःचे कफन होते.

मदिन्यात महाराष्ट्राच्या पोलिसाचे काय काम, असे कोणीही विचारेल. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसोबत सरकार आपल्या सेवेतले काही मुस्लिम कर्मचारी पाठवते. त्यात शिक्षक असतात, तलाठी असतात, पोलीसही असतात. त्यांना हज निरीक्षक म्हणतात. नाव भारदस्त आहे. काम मात्र हरवलेले आजोबा शोधणे, अडकलेली लिफ्ट सुरू करून घेणे आणि कोणाची बॅग कोणाच्या खोलीत गेली याची भांडणे मिटवणे. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना माझा नंबर लागला. मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. माझ्या तुकडीतले यात्रेकरूही बहुतेक आमच्याच बाजूचे, त्यामुळे मदिन्यातल्या त्या इमारतीत दिवसभर कोकणातलेच बोलणे कानावर पडायचे.

सवय जात नाही. लॉबीतल्या एका टेबलावर मी ठाणे अंमलदारासारखा बसायचो. सकाळी मजल्या-मजल्यावर जाऊन हजेरी, मग तक्रारी, मग दवाखान्याच्या फेऱ्या. बायका मला चिडवायच्या, "साहेब, इथे तरी लॉकअप नाही ना?" मी म्हणायचो, लिफ्ट आहे, तीच पुरते.

एके दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर चौथ्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका टेबलाशी आल्या. घरचा पुरुष सोबत नसताना आलेल्या चार महिलांच्या खोलीत त्या राहत होत्या.

"साहेब, आम्हाला खोली बदलून द्या," त्या म्हणाल्या.

"एसी बिघडलाय का?"

"एसी ठीक आहे." त्यांनी मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणला. "आमच्या खोलीतल्या खाला मरायला बसल्यात."

"आजारी आहेत? डॉक्टरांना बोलावतो."

"आजारी नाहीत, तेच तर सांगतेय. धडधाकट आहेत. आंघोळ करून, केस बांधून, किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड करून बसतात. कालपासून अन्नाला शिवल्या नाहीत. आम्हा तिघींकडून बोललं-चाललं माफ करून घेतलं. त्यांची चप्पल कोणाला द्यायची ते सांगितलं. म्हणतात, कफनाने सांगावा धाडलाय."

"कफनाने?"

"त्याला वास यायला लागलाय, साहेब. संत्र्याचा. खोलीत एक संत्रं नाही, आणि वास दिवसेंदिवस वाढतोय. बाकीच्या दोघी तर आता खोलीत झोपायलाच तयार नाहीत."

बाई विज्ञान शिकवणाऱ्या होत्या. त्यामुळे मी थट्टा केली नाही. ठाण्यात असे पुष्कळ लोक येतात. त्यांना गुन्हा सांगता येत नाही, फक्त भीती सांगता येते. अशा माणसाला चहा देऊन वाटेला लावणारा अंमलदार मी कधी टिकू दिला नाही, कारण घाबरलेल्या माणसाला काहीतरी दिसलेले असते. त्याला ते काय आहे एवढेच कळलेले नसते.

कफनाबद्दल आधी थोडे सांगतो, म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांना हे विचित्र वाटणार नाही. आमच्याकडची वयस्कर माणसे हजला जाताना पुष्कळदा स्वतःचे कफन घेऊन जातात. मक्केत ते झमझमच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात भिजवायचे, वाळवायचे, घरी आणून पेटीत ठेवायचे. दिवस येईल तेव्हा घरचे ते काढतात. आमची तुकडी आधी मदिन्यात उतरली होती, मक्का अजून पुढे होती. म्हणजे कफने अजून कोरडीच होती.

बाईंना पुढे घालून मी वर गेलो. लिफ्टचे दार उघडले तेव्हाच वास आला. हातात संत्रे धरून नखाने साल फोडावी तसा तो ताजा वास होता, आणि त्याच्या खाली काहीतरी हिरवे, उग्र. पॅसेजमध्ये कोणी नव्हते. पडदे ओढलेले, एसीची घरघर चालू, आणि तो वास जणू कोणी तिथेच उभे राहून फळ सोलत असल्यासारखा. माझे पाय दारात थबकले. हा वास मी ओळखत होतो, पण कुठला ते चटकन आठवेना.

खाला पलंगावर बसल्या होत्या. सगळी इमारत त्यांना खाला, म्हणजे मावशीच म्हणायची. खाडीकाठच्या एका गावातल्या, विधवा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. लग्नघरातल्या बाईसारखी त्यांच्यात लगबग होती आणि समाधान होते. जगण्याची एवढी आवराआवर इतक्या आनंदाने करणारे माणूस मी तोपर्यंत पाहिले नव्हते, आणि खरे सांगतो, मला ते पाहवेना.

"ये बाबा," त्या म्हणाल्या. "तुझा पन काय बोलना-चालना झाला आसंल तर माफ कर."

"खाला, जेवत का नाही?"

"आता कशाला? आधी ह्याला कापराचा वास व्हता. कफनात कापूर घालतात ना, तसा. मग कापूर उडत गेला न ह्यो वास वर आला. माजा मामू बोलायचा, ज्याचा कफन आपसूक दरवलतो, त्याचा दिस जवल आला. मदिन्यात मरन येतंय, मना आनि काय पायजे?"

त्यांनी मला ग्लासात पाणी ओतून दिले. ग्लासालाही तोच वास होता, कारण त्यांच्या हातांना होता. दिवसरात्र त्या कफनावर हात फिरवत होत्या. मी ग्लास तसाच खाली ठेवला. आणि ठेवता ठेवता मला तो वास कुठे भेटला होता ते आठवले.

मी काही वर्षे अंमली पदार्थ विरोधी पथकात होतो. तेव्हा मुंबईच्या उपनगरात एका उंच इमारतीतल्या फ्लॅटवर आम्ही छापा टाकला होता. दार उघडताच संत्र्यांचा असा घमघमाट आला की आमचा हवालदार स्वयंपाकघरात टोपली शोधायला गेला. टोपली नव्हती. झोपायच्या खोलीत दिव्यांखाली गांजाची झाडे होती, माणसाच्या उंचीची, लांब बोटांसारख्या अरुंद पानांची. आम्ही कोकणात, घाटावर पकडायचो तो गांजा वाळक्या गवतासारखा आणि डांबरासारखा वास मारतो, पोत्यातूनही ओळखू येतो. हा वेगळाच होता. सोवळ्यात असल्यासारखा.

झाडे लावणारा आरोपी शिकलेला तरुण होता. जबाब देताना तो घाबरला कमी आणि झाडांचे कौतुकच जास्त सांगत बसला. याची आजी केरळच्या डोंगरातली, आजोबा थायलंडचे, एक मामा मेक्सिकोचा. फिरस्त्या परदेशी पोरांनी बिया खिशातून अमेरिकेला नेल्या, तिथे संकर झाला, हॉलंडमध्ये त्याला वळण लागले, आणि मग कोणीतरी संत्र्याच्या वासाचे रोप निवडून निवडून ही जात काढली. आता त्याच बिया पाकिटातून भारतात परत येतात. स्वतःच्या आजोबांचे नाव त्याला विचारले असते तर इतक्या उत्साहाने सांगता आले नसते.

प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञ बाईंनी मला नंतर नीट समजावले. या वंशावळी सगळ्या ऐकीव आहेत, विकणारेच त्या रचतात, कागद कोणाकडेच नाही. खरे एवढेच की संत्र्याच्या सालीत जे तेल असते त्यातलाच एक घटक या जातीच्या फुलांत भरपूर असतो, त्याला आणखी काही वासांची जोड मिळते. अरुंद पानांची ही झाडे उंच वाढतात आणि फुलायला फार वेळ घेतात. यांची नशा माणसाला पेंगवत नाही, जागे ठेवते. बडबड वाढते, छाती धडधडते, काहींना विनाकारण भय वाटू लागते. मी त्यांना म्हणालो, बाई, साधा गांजा निदान आपण गांजा आहोत हे लपवत नाही. हा खोटे बोलतो.

हे सगळे मला खालांच्या पलंगाशेजारी उभ्याउभ्या आठवले.

"खाला, कफन बघू का?"

"बघ. पन घडी मोडू नको. कफनाची घडी येकदाच मोडायची आसते."

जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेले ते गाठोडे त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिले. पिशवीचा एक कोपरा उन्हाने सुटला होता. यात्रेकरूंचे सामान विमानतळावर तापत पडते, बसच्या पोटात तापते. मी घडी मोडली नाही. नुसता कडेने अंगठा फिरवला. कापडाच्या आतल्या थराला शिवण लागली. मशीनची, बारीक टाक्यांची, सरळ रेषेतली शिवण.

माझ्या वडिलांना मी माझ्या हाताने कफन नेसवले आहे. कफनाला शिवण नसते. नमाज न पढणारा, मशिदीची पायरी न चढणारा आमच्यातला माणूसही हे जाणतो. ज्याने हे शिवले त्याला मात्र ते ठाऊक नव्हते.

"खाला, हे कोणी दिलं?"

त्यांचा चेहरा उजळला. "माज्या दुधाच्या पोरानं."

हकिकत अशी. तरुणपणी खालांचे स्वतःचे मूल जन्मतःच गेले. त्याच आठवड्यात शेजारीण बाळंतपणात वारली आणि तिचे मूल खालांच्या मांडीवर आले. त्यांनी त्याला आपले दूध पाजले. आमच्या धर्मात दुधाचे नाते रक्ताइतकेच खरे धरतात. तो मुलगा मोठा झाला, मुंबईत धंदा करू लागला, खालांना अम्मीच म्हणत राहिला. हजला निघताना तो गावी आला आणि म्हणाला, अम्मी, तुझ्यासाठी आणलंय. तुझ्या पोराच्या कमाईचं.

"न इथं पन त्याचा दोस्त रोज येतो," खाला म्हणाल्या. "आपल्यातलाच हाय, डायवर. भाकरी-सार घेऊन येतो. बोलतो, खाला, कफन द्या, हरममधून झमझम लावून आनतो. मी दिला नाय. मक्केत माज्या हातानं भिजवनार."

मदिन्याच्या हरममध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या मशिदीत, मक्केहून आणलेले झमझमचे पाणी असते. त्यांचा तो हट्ट नसता तर ही गोष्ट लिहायला मी बसलो नसतो.

मी खाली आलो आणि टेबलाशी बसून राहिलो. सौदीत अंमली पदार्थ बाळगणाऱ्याला काय भोगावे लागते हे तिथे राहणारा प्रत्येक कामगार पहिल्या दिवशी शिकतो. आणून पोहोचवणाऱ्याची तर मान जाऊ शकते. मला माहीत नव्हते, हे उत्तर तिथे सगळेच देतात. गाठोडे खालांच्या उशाशी होते, बॅगेवर त्यांचे नाव होते, हातांना त्याचा वास होता. माझ्यासोबतचा दुसरा निरीक्षक भला माणूस. तो म्हणाला, "भाई, संडासात टाकून द्या आणि विसरा." मी त्याच्यावर चिडलो. पुरावा नष्ट करणे हा गुन्हा, हे एक. दुसरे म्हणजे तो ड्रायव्हर संध्याकाळी येणार आणि कफन मागणार. माल गेला हे कळल्यावर त्या म्हातारीचे तो काय करील? पोलिसात एकच गोष्ट पक्की शिकलो होतो. आधी जो बोलतो तो फिर्यादी, नंतर जो सापडतो तो आरोपी. खालांना आधी बोलते करायला हवे होते, आणि मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजनंतर भाकरीचा डबा घेऊन तो माणूस येणार होता.

मी पुन्हा वर गेलो. शिक्षिकाबाईंना साक्षीला बसवले आणि खालांना सगळे सांगितले. गांजा म्हणजे काय ते सांगितले, वासाचे सांगितले, इथल्या शिक्षेचे सांगितले.

खालांनी सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाल्या, "लिही, माजाच हाय. मीच आनला."

"खाला, खोटं लिहिता येणार नाही."

"मी तशी पन मरायलाच बसलेय. मना मरू दे. त्याची पोरा ल्हान हायत."

चोर-दरोडेखोरांचे जबाब मी घेतले आहेत. त्यांना बोलते करायच्या युक्त्या असतात. इथे एकही युक्ती चालण्यासारखी नव्हती, आणि एखादी चालवायची लाजही वाटत होती. मी गाठोडे त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांचा हात धरून शिवणीवर नेला.

त्यांची बोटे टाक्यांवरून पुढे गेली, परत मागे आली. डोळ्यांना दिसत नव्हते, पण त्या बोटांनी गावातल्या किती बायकांना शेवटचे कपडे नेसवले होते.

"ह्याला शिलाई हाय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "त्याला ठाव नसंल, बाबा. कोनी फसवला आसंल त्याला."

"असेल. त्याचा फोन येतो ना?"

"रोज येतो."

"काय विचारतो?"

त्या उत्तर द्यायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. चौकशीत गप्प बसणे हे सगळ्यात अवघड काम. बाहेर उन्हे उतरायला लागली होती.

"विचारतो, अम्मी, कफन दिलास का," खाला म्हणाल्या. "रोज तेच. पैगंबरांच्या रौजावर सलाम केलास का, त्यानं येकदा पन विचारला नाय. पाय दुखतात का, ते पन नाय." थोड्या वेळाने त्यांनी गाठोडे मांडीवरून उचलून बाजूला ठेवले. "लिही. जसा झाला तसा लिही."

मी लिहिले, वाचून दाखवले, अंगठा घेतला, बाईंची सही घेतली. तो कागद घेऊन भारताच्या हज मिशनच्या अधिकाऱ्यांकडे गेलो आणि तिथून स्थानिक पोलिसांना कळवले गेले. तासाभरात साध्या कपड्यांतले लोक लॉबीत येऊन बसले. त्यांचा कॅप्टन तरुण होता, नजरेने जोखणारा. दुभाष्यामार्फत त्याने मला एकच प्रश्न विचारला.

"या बाईला माहीत नव्हते, हे मी कशावरून मानू?"

मी म्हणालो, "वर जाऊन तिची चप्पल बघा. कोणाला द्यायची ते ठरवून तिने ती कागदात गुंडाळून ठेवली आहे. आत गांजा आहे हे ठाऊक असलेला माणूस तो लपवतो. ही बाई तो उशाशी घेऊन मरणाची वाट बघत होती."

तो वर गेला. खाली आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही, आपल्या माणसांना अरबीत हळू काहीतरी सांगितले आणि माणसे जागा बदलून बसली.

ड्रायव्हर डबा घेऊन आला. खाला शिक्षिकाबाईंच्या आधाराने खाली उतरल्या होत्या. माझा जीव मुठीत होता, कारण त्यांनी एक चुकीचा शब्द काढला असता तरी सगळे त्यांच्यावरच उलटले असते. त्यांनी गाठोडे त्याच्या हातात दिले.

"भिजवून परत आनशील ना?"

"खाला, माझ्यावर भरोसा नाय?" तो हसला. त्याने कफन डोळ्यांना लावले, कपाळाला लावले, आणि काखेत घेतले. दाराबाहेर पाऊल पडताच त्याला धरले.

तो आधी कोणतीच भाषा समजत नसल्याचे दाखवू लागला. मग आमच्या बोलीत सुरू झाला, म्हणून मला शेजारी बसवले. "साहेब, मी तर हाजींची खिदमत करतो. माझा इकामा, राहण्याचा परवाना बघा. माझ्या कफीलला, इथल्या मालकाला फोन लावा. मला काय ठाऊक आत काय ते? म्हातारीने दिलं, मी घेतलं, खलास."

"कशाला घेतलंस?"

"झमझम लावायला."

"मग गाडीतलं दुसरं कफन कशाला?"

त्याच्या गाडीच्या सीटखाली हुबेहूब तशाच पिशवीत तसेच कफन होते. आधीच ओले करून, पिळून, घडी घालून ठेवलेले. त्याने मान खाली घातली. मग एकेक बाहेर पडू लागले. खालांचे घ्यायचे, आत जाऊन आल्यासारखे करायचे, आणि हे ओले परत द्यायचे. मागच्या हज मोसमांतही त्याने असेच केले होते. मुंबईहून फोन यायचा, अमक्या खोलीत अमकी म्हातारी. एकटी आलेली, कमी दिसणारी, कोणाची तरी आई किंवा मावशी. माल पुढे रियाधला जायचा. तिथे ऐपतदार पोरे संत्र्याच्या वासाच्या या जातीवर जीव टाकतात, असे तो म्हणाला.

"आणि परत द्यायचं कफन झमझममध्ये भिजवायचास?"

त्याने तोंड फिरवले. कॅप्टनने दुभाष्याकडे पाहिले. मी प्रश्न पुन्हा विचारला.

"एवढं कोण करत बसतो, साहेब," तो म्हणाला. "नळाचं पाणी."

इतका संताप मला क्वचितच आला आहे. मी उठून बाहेर गेलो. कोकणातल्या कुठल्या कुठल्या घरांत पेट्यांमध्ये ती कफने जपून ठेवली असतील. त्यांतल्या काही बाया तोवर ती नेसून मातीतही गेल्या असतील.

खालांना दुसऱ्या दिवशी बराच वेळ प्रश्न विचारले गेले आणि मग सोडले. त्यांनी मक्केत जाऊन हज पुरा केला. ड्रायव्हरला तिथे काय शिक्षा झाली ते मला अधिकृतपणे कधी कळले नाही. इकडे मुंबईत दुधाच्या मुलाला अटक झाली, जिथे पाकिटे शिवली जात ती खोली सापडली. पण गाठोडे त्यानेच दिले, हे सांगणारी साक्षीदार एकच होती.

पुरवणी जबाबासाठी मी त्यांच्या गावी गेलो. गावात कुजबूज होती. म्हातारी म्हणेल, आठवत नाही, आणि सुटेल बिचारा. लोकांनाही तेच हवे होते. खाला ओट्यावर सुकट निवडत होत्या.

"त्याची बायको येऊन गेली," त्या म्हणाल्या. "पोरांना घेऊन. रडत व्हती. बोलली, अम्मी, त्याला दूध बख्शा." आमच्यात आई मुलाला दूध माफ करते. ते ऋण आईने सोडले नाही तर मुलाला मरणानंतरही सुटका नाही, असे मानतात.

"मग?"

"बख्शला. तवाच बख्शला."

मी पेन खाली ठेवले. मला वाटले, संपली केस. साहेबांना काय सांगायचे याची जुळवाजुळवही मी मनात सुरू केली.

"लिही की," खाला म्हणाल्या. "थांबलास कशाला? साक्ष द्यायला मी येनार."

"खाला, तुम्ही तर माफ केलंत."

"दूध माजा व्हता. ते मी माफ केला. नलाच्या पान्यात भिजलेला कफन नेसून ज्या मातीत गेल्या, त्यांचा मी कसा माफ करू?"

त्या आल्या. भरल्या कोर्टात, उलटतपासणीत वकिलाने वय काढले, डोळे काढले, विस्मरण काढले. त्या डगमगल्या नाहीत. आरोपीला ओळखता का, असे विचारल्यावर त्यांनी आधी विचारले, तो कुठे उभा हाय ते सांगा, मना दिसत नाय. मग त्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, "ह्यानंच दिला." तो पिंजऱ्यात रडत होता. त्यांनी ते ऐकले असणार.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की भीती घेऊन आलेल्या माणसाला हसू नका. सांगतो की आपल्या माणसावर संशय घेण्यापेक्षा मरण आले असे समजणे माणसाला सोपे जाते. आणि गुन्हेगार नेहमी तिथे लपतो जिथे हात लावायला आपल्याला संकोच वाटतो. हे सगळे खरे आहे, पण ते पुस्तकी आहे.

साक्ष झाल्यावर मी खालांना कोर्टाबाहेरच्या बाकावर बसवले, पाणी दिले. मला समाधान वाटत होते. मी म्हणालो, "खाला, त्या दिवसांत तुम्ही किती चुकीच्या समजुतीत होतात. बरं झालं, वेळेवर कळलं."

त्यांनी माझ्या दिशेने पाहिले. "तू मना जगवलास, बाबा. तुला दुवा हाय," त्या म्हणाल्या. "पन खरा सांगू? त्या दिसांत माज्या पोरानं मना कफन दिला व्हता न मदिन्यात मना बोलावना आला व्हता. तसा सुख मना त्याच्या आधी नाय भेटला, न मागून पन नाय."

मी त्यांना एसटीत बसवून दिले. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, यात मला शंका नाही. पण खरे सांगून आपण माणसाचे भलेच करतो, असे मी त्या दिवसानंतर कोणाला म्हणालेलो नाही.